सल्लागार कोणाला उत्तरदायी?

परकीय मदतीचा पैसा ठरलेल्या कामी लागत नाही, लागला तर टिकत नाही, या तक्रारीवर मदत देणाऱ्या राजधान्यांत गेली पाऊणशे वर्षे एकच उपाय सुचवला जात आहे : पैशाबरोबर जाणकार माणसे पाठवा. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या भाषणाच्या चौथ्या मुद्द्यात मागासलेल्या देशांना तांत्रिक ज्ञान पुरवण्याची घोषणा केली, तेव्हापासून तांत्रिक सल्लागार हा मदतीचा अविभाज्य घटक बनला. मार्च २००५ मध्ये मदतीची परिणामकारकता वाढवण्यासाठी पॅरिसचा जाहीरनामा निघाला. त्यात मदत देणाऱ्या देशांनीच मान्य केले की, सल्लागारांचे काम यजमान देशाच्या कार्यक्रमाशी जुळवून घेतले पाहिजे आणि सरकारी खात्यांना समांतर उभ्या केलेल्या प्रकल्प-कचेऱ्यांची संख्या दोनतृतीयांशाने घटवली पाहिजे. म्हणजे रोगाची कबुली वैद्यानेच दिली. औषध मात्र बदलले नाही.

तांत्रिक ज्ञान परदेशातून घ्यावे की घेऊ नये, हा आजचा वादविषय नाही. विज्ञानाला देशाच्या सीमा नसतात, आणि स्वदेशीच्या नावाखाली अज्ञानाचे समर्थन करणे हे कामगारवर्गाच्या पक्षाचे काम नव्हे. वादाचा मुद्दा वेगळा आहे. सल्लागाराची नेमणूक कोण करतो, त्याला काम नेमून कोण देतो, त्याचा अहवाल प्रथम कोणाच्या टेबलावर जातो आणि तो परत गेल्यावर ज्ञान कोणाच्या हाती राहते, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर मदतीची परिणामकारकता ठरते. ती कोणासाठी परिणामकारक, हेही त्यावरूनच ठरते.

ओरगडमचा धडा

हा प्रश्न समजून घेण्यासाठी चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या ओरगडमकडे पाहावे. कांचीपुरम जिल्ह्याचा हा पट्टा एरींचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भातशेतीला पाणी पुरवणाऱ्या तळ्यांचा. आज तेथे तामिळनाडूच्या राज्य उद्योग प्रोत्साहन महामंडळाची विस्तीर्ण वसाहत उभी आहे. २००८ साली राज्य सरकारशी करार करून आलेल्या रेनॉ-निस्सानचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. २०१२ मध्ये डाइमलरचा ट्रक कारखाना उभा राहिला. रॉयल एनफील्ड, अपोलो टायर्स, यामाहा हेही याच पट्ट्यात आहेत.

कारखान्यांपाठोपाठ मदत आली. नोव्हेंबर २०१३ मध्ये जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेने, म्हणजे आपल्याकडे ‘जायका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, तामिळनाडूतील गुंतवणूक प्रोत्साहन कार्यक्रमासाठी १३ अब्ज येनांचे कर्ज मंजूर केले. हे कर्ज एखाद्या धरणासाठी वा रुग्णालयासाठी नव्हते. परकीय गुंतवणूक वाढावी म्हणून राज्याने आपली धोरणे व कार्यपद्धती बदलायच्या, उद्योगांना जमीन, वीज, पाणी, रस्ते देण्याची व्यवस्था सुधारायची, आणि ठरलेली पावले टाकली गेली की पैसे मिळायचे, असा तो व्यवहार होता. त्याच काळात चेन्नई-बंगळुरू औद्योगिक पट्ट्याचा बृहत् आराखडाही जायकाच्या सल्लागारांनी तयार केला. तो २०१५ मध्ये पूर्ण झाला. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईच्या बाह्य वर्तुळ रस्त्याच्या एण्णूर बंदराकडील पहिल्या टप्प्यासाठी जायकाने सुमारे ४० अब्ज येन दिले. याच रस्त्याचा एक पुढचा टप्पा श्रीपेरुंबुदूर ते सिंगपेरुमाळ कोविल असा आहे, आणि ओरगडम नेमके त्या वाटेवर आहे. कारखान्यातून निघालेली मोटार बंदरापर्यंत विनाअडथळा पोहोचावी, हे या साऱ्या आखणीमागचे सूत्र आहे.

रस्ते नकोत असे कोणीही म्हणणार नाही. पण येथे सल्लागाराची भूमिका कशी बदलली ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी सल्लागार यंत्र कसे चालवावे ते सांगे. आता तो राज्य कसे चालवावे ते सांगतो. कोणत्या परवान्याला किती दिवस लागावेत, जमीन कशी हाताशी ठेवावी, याची यादी कर्जाच्या अटींचा भाग बनते, आणि विधानसभेत ज्यावर चर्चा व्हायला हवी ते धोरण कर्जकरारातील रकाना भरण्यापुरते उरते. अशा कार्यक्रमाचे यश आलेल्या गुंतवणुकीवरून मोजले जाते. आलेल्या कारखान्यात किती कामगार कायम झाले आणि किती शिकाऊ व कंत्राटी म्हणून राबत राहिले, हे मोजण्याचे काम कोणा सल्लागाराला दिले जात नाही.

भांडवल मात्र आपला हिशेब चोख ठेवते. राज्याने कबूल केलेल्या सवलतींची रक्कम थकली म्हणून २०१७ मध्ये निस्सानने भारत-जपान आर्थिक भागीदारी कराराखाली भारत सरकारलाच आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचले. मागणी ५,००० कोटी रुपयांहून अधिक होती. २०२० मध्ये तडजोड झाली. एका राज्य सरकारने एका कंपनीला दिलेले वचन अशा रीतीने साऱ्या देशावरील आंतरराष्ट्रीय दायित्व बनले. पुढे २०२५ मध्ये निस्सानने या कारखान्यातील आपला ५१ टक्के हिस्सा रेनॉच्या हवाली केला. भांडवलाला येण्याचा मार्ग मोकळा असतो, तसा जाण्याचाही.

कामगारांसाठी असा लवाद नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये यामाहाच्या कारखान्यात संघटना बांधणाऱ्या दोघा कामगारांना काढून टाकले, तेव्हा शेकडो कामगारांना सीटूच्या नेतृत्वाखाली कित्येक आठवडे संप करावा लागला. मे २०२१ मध्ये करोनाची लाट ऐन भरात असताना रेनॉ-निस्सानच्या कामगार संघटनेला सुरक्षित अंतराच्या नियमांसाठी मद्रास उच्च न्यायालयात जावे लागले, आणि न्यायालयाला औद्योगिक सुरक्षा खात्याचा अधिकारी पाहणीस पाठवावा लागला. २०२४ मध्ये शेजारच्या श्रीपेरुंबुदूरजवळ सॅमसंगच्या कामगारांनी ३७ दिवस संप केला. त्यांच्या संघटनेची नोंदणी होण्यास जानेवारी २०२५ उजाडला. गुंतवणूकदाराला एका खिडकीवर परवाने देण्याची शिकवण राज्ययंत्रणेने आत्मसात केली. कामगारांच्या संघटनेला नोंदणीची खिडकी उघडायला मात्र तिला महिने लागले.

याच ओरगडमला दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याविषयी क्वचितच बोलले जाते. मोटारींच्या चाचण्या व संशोधन यांसाठी केंद्र सरकारने २००५ साली एक राष्ट्रीय प्रकल्प मंजूर केला. त्यातून पुण्याची एआरएआय आणि नगरची वाहन संशोधन संस्था यांचा विस्तार झाला, इंदूरजवळ चाचणीमार्ग उभारला गेला आणि ओरगडम येथे ग्लोबल ऑटोमोटिव्ह रिसर्च सेंटर स्थापन झाले. ज्या चाचण्यांसाठी एके काळी परदेशी प्रयोगशाळांचे दार ठोठवावे लागे, त्या करण्याची क्षमता सार्वजनिक पैशातून देशात निर्माण झाली. ज्याच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा आहे, त्याला सल्लागाराचे म्हणणे पारखून घेता येते. ज्याच्याकडे नाही, त्याला ते मुकाट्याने मानावे लागते. एकाच वसाहतीत आज हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसतात.

पेरांबूर आणि पिंपरी

परकीय तज्ज्ञांकडून शिकून त्यांच्यापासून मुक्त होता येते, याचा पुरावा चेन्नईतच आहे. पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी स्वित्झर्लंडमधील श्लीरेन येथील कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उभी राहिली आणि २ ऑक्टोबर १९५५ रोजी तिचे उद्घाटन झाले. हा दानधर्म नव्हता. सरकारने किंमत मोजून विकत घेतलेले ज्ञान होते. कारखाना रेल्वेचा, म्हणजे राष्ट्राचा होता; शिकणारे अभियंते व कामगार सरकारी सेवेत कायम होते; त्यामुळे शिकलेली विद्या कारखान्यातच मुरली. स्विस तंत्रज्ञ परतले, पण डबे बनत राहिले. १९६२ मध्ये अंतर्गत सजावटीचा विभाग सुरू झाला, आणि २०१८ मध्ये याच कारखान्याच्या अभियंत्यांनी व कामगारांनी पुढे ‘वंदे भारत’ या नावाने गाजलेली गाडी बांधली.

महाराष्ट्रातील उदाहरण पिंपरीचे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ व प्रशिक्षण दिले. ही खऱ्या अर्थाने मदत होती. येथे सल्लागाराच्या पाठीशी पेटंटचा मालक उभा नव्हता. ज्ञान दडवून ठेवण्यात त्याचा स्वार्थ नव्हता. परिणाम असा झाला की, थोड्याच वर्षांत पिंपरीच्या प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधून काढले. परक्याकडून शिकलेल्या संस्थेने जगाला स्वतःची भर घातली. नव्वदच्या दशकात उदारीकरणाच्या धोरणाने ही कंपनी आजारी पडू दिली, हा दोष तंत्रज्ञांचा नाही, राज्यकर्त्यांचा आहे.

येथे एक अडचणीचे उदाहरणही टाळून चालणार नाही. बोकारोच्या पोलाद कारखान्यासाठी भारताने प्रथम अमेरिकेकडे मदत मागितली. खाजगी उद्योगाशी स्पर्धा करणाऱ्या सरकारी कारखान्यांना मदत देऊ नये, असे १९६३ मध्ये अमेरिकेच्या क्ले समितीने सांगितले आणि तो मार्ग बंद झाला. जानेवारी १९६५ मध्ये सोव्हिएत युनियनशी करार झाला. सोव्हिएत सहकार्यामुळे भिलाई आणि बोकारो उभे राहिले आणि देशाच्या अवजड उद्योगाचा पाया घातला गेला, हे ऐतिहासिक सत्य आहे. परंतु बोकारोचा आराखडा आधीपासून तयार करणाऱ्या दस्तूर कंपनीच्या भारतीय अभियंत्यांना या करारात दुय्यम स्थान मिळाले, आणि शंभर कोटी रुपयांहून अधिक बचत सुचवणाऱ्या त्यांच्या सूचनांपैकी फारच थोड्या स्वीकारल्या गेल्या, हेही सत्य आहे. मित्रराष्ट्राची मदत असली तरी यजमानाने आपल्या तंत्रज्ञांना पुढे केले नाही, तर शिकण्याची संधी हातची जाते. हा दोष मुख्यतः नवी दिल्लीतील राज्यकर्त्यांचा होता. आपल्याच माणसाच्या बुद्धीवर विश्वास न ठेवण्याची सवय त्यांना वसाहतकाळापासून जडलेली आहे.

पाण्याच्या नळावरील तज्ज्ञ

उदारीकरणानंतर ही सवय धोरण बनली. दिल्लीच्या पाणीपुरवठ्याची फेररचना करण्यासाठी जागतिक बँकेच्या कर्जाचा प्रस्ताव होता आणि त्यासाठी सल्लागार नेमायचा होता. प्राइसवॉटरहाउसकूपर्स ही कंपनी पहिल्या छाननीत दहाव्या क्रमांकावर होती. तरीही बँकेच्या आक्षेपांनंतर निवड पुन्हा पुन्हा केली गेली आणि अखेर काम त्याच कंपनीकडे गेले. दिल्लीतील परिवर्तन या संस्थेने माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या कागदपत्रांतून २००५ मध्ये हे उजेडात आले. बोभाटा झाल्यावर दिल्ली सरकारला कर्जाचा अर्ज मागे घ्यावा लागला. सल्लागार कोण असावा हे कर्ज देणारा ठरवणार असेल, तर सल्ला काय मिळेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मुंबईत २००६ साली याचीच पुनरावृत्ती झाली. अंधेरी-जोगेश्वरी-विलेपार्ले पूर्व या भागांच्या के-पूर्व विभागातील पाणीवाटप सुधारण्यासाठी जागतिक बँकेशी संलग्न निधीतून कॅस्टालिया या परदेशी सल्लागार कंपनीची नेमणूक झाली. महानगरपालिकेच्या जलखात्यात शंभर वर्षांहून अधिक अनुभव साठलेला असताना, नळ कोठे गळतो हे खात्यातील चावीवाल्याला माहीत असताना, परदेशी कंपनीला विचारण्याचे कारण काय, असा प्रश्न नागरिकांनी व कामगार संघटनांनी विचारला. उत्तर उघड होते : खाजगीकरणाची शिफारस करणारा कागद हवा होता. जनतेच्या विरोधापुढे ती योजना बारगळली.

पुण्याचा अनुभव निराळा, पण तितकाच बोलका आहे. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जानेवारी २०१६ मध्ये जायकाशी कर्जकरार झाला. अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे व्हायची होती, खर्च सुमारे ९९० कोटी रुपये. सल्लागाराची नेमणूक, निविदा, चढ्या दराच्या निविदा रद्द करून पुन्हा निविदा, आणि प्रत्येक पायरीवर धनकोची संमती, या फेऱ्यांत वर्षे गेली. प्रत्यक्ष काम सुरू होण्यास २०२२ उजाडले. तेवढ्या काळात मैलापाणी नदीत वाहतच राहिले, आणि पुढे उजनीपर्यंतच्या गावांनी ते सोसले. सल्लागार नेमल्याने काम आपोआप वेगाने होते, या समजुतीला पुण्याची नदी हे उत्तर आहे.

या साखळीचे टोक म्हणजे मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन. २०१३ ते २०१५ या काळात जायकाने भारतीय रेल्वेबरोबर व्यवहार्यतेचा अभ्यास केला, आणि निष्कर्ष जपानी शिन्कान्सेनच्या बाजूने निघाला. मग जपानी कर्ज आले : खर्चाच्या ८१ टक्क्यांपर्यंत, ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांसाठी. व्याज नाममात्र आहे हे खरे. पण कर्ज येनमध्ये आहे, विनिमयदराचा धोका आपला आहे आणि तंत्रज्ञानाची निवड आधीच झालेली आहे. पालघरच्या आदिवासी गावांनी जमिनी देण्यास विरोध केला, ग्रामसभांनी ठराव केले. त्या ठरावांना अभ्यासात स्थान नव्हते. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये काय घडले? त्याच पेरांबूरच्या कारखान्याने ताशी २८० किलोमीटर वेगाच्या दोन गाड्या बांधण्याचे काम बीईएमएल या सार्वजनिक कंपनीला दिले. जी क्षमता सल्लागारांच्या अहवालात मोजली गेली नव्हती, तिच्याकडेच सरकारला वळावे लागले.

परिणामकारकतेची कसोटी

यावर आक्षेप घेतला जाईल की, सरकारी खात्यांत कौशल्य उरलेले नाही, म्हणून सल्लागार लागतात. हा आक्षेप निम्मा खरा आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे. नोकरभरती बंद करायची, अनुभवी अभियंते निवृत्त होऊ द्यायचे, त्यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, आणि मग खाते दुबळे आहे असे सांगून बाहेरचा तज्ज्ञ आणायचा, हा क्रम गेल्या तीन दशकांत केंद्रात आणि राज्यांत सर्वत्र दिसतो. दुबळेपणा हे येथे सल्लागार आणण्याचे कारण आहे, आणि सल्लागार आणल्याचा परिणामही आहे. खात्याने जे काम स्वतः केले नाही, ते करण्याची शक्ती पुढच्या वर्षी त्याच्यात उरत नाही.

सल्ला घेणे यापुढेही आवश्यक राहील. चेन्नईसारख्या शहराला पुराशी व दुष्काळाशी आलटून पालटून झुंजावे लागते. किनाऱ्यावरील प्रत्येक शहराला हवामानबदलाच्या संकटाची तयारी करावी लागेल. जपानने भूकंपाविषयी आणि नेदरलँड्सने पाण्याविषयी जे शिकून ठेवले आहे त्याचा लाभ आपण का घेऊ नये? म्हणूनच कोणत्या अटींवर घ्यायचा, हे लोकशाही चळवळीने ठरवून घेतले पाहिजे. त्या दृष्टीने पुढील मागण्या पुढे आल्या पाहिजेत.

पहिली : परकीय कर्जातून वा अनुदानातून होणारी प्रत्येक सल्लागार-नेमणूक यजमान संस्थेनेच करावी, धनकोला नाव सुचवण्याचा वा नाकारण्याचा अधिकार नसावा. दुसरी : सल्लागाराला नेमून दिलेले काम, त्याचे मानधन आणि त्याचा अहवाल विधिमंडळापुढे अथवा महापालिकेच्या सभागृहापुढे ठेवावा, आणि तो लोकांच्या भाषेत प्रसिद्ध करावा. ओरगडमच्या शेतकऱ्याला तो तमिळमध्ये मिळाला पाहिजे, पालघरच्या आदिवासीला मराठीत. तिसरी : प्रत्येक सल्लागाराबरोबर कायम सेवेतील स्थानिक तंत्रज्ञ नेमावेत, आणि ठरावीक मुदतीत काम त्यांच्याकडे सोपवणे हे करारातील बंधन असावे. चौथी : ज्याने अभ्यास केला, त्याच्याशी वा त्याच्या देशातील कंपन्यांशी खरेदीचे बंधन नसावे. पाचवी : प्रकल्पाच्या मूल्यमापनात कायम रोजगार, संघटनेचे स्वातंत्र्य, कामावरील सुरक्षितता आणि बाधितांचे पुनर्वसन यांचा हिशेब मांडलाच पाहिजे, आणि तो मांडताना कामगार संघटना व किसान सभा यांचे म्हणणे नोंदवले गेले पाहिजे.

या मागण्या अवास्तव नाहीत. पेरांबूर आणि पिंपरी येथे त्यांतील बऱ्याचशा गोष्टी प्रत्यक्षात घडल्या होत्या, आणि त्या वेळी देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. मग आज त्या का घडत नाहीत? ज्ञान दुर्मीळ झाले म्हणून नव्हे. ज्या वर्गाच्या हाती राज्य आहे, त्याला राष्ट्राची स्वावलंबी क्षमता वाढवण्यापेक्षा परकीय भांडवलाशी भागीदारी अधिक लाभदायक वाटू लागली आहे. म्हणून हा लढा सल्लागारांच्या कचेऱ्यांत जिंकता येणार नाही. ओरगडमच्या कारखान्यांच्या दारांत, पालघरच्या ग्रामसभांत, मुंबई-पुण्याच्या पालिका कामगारांच्या संघटनांत तो लढला जात आहे. या वेगवेगळ्या लढ्यांना एका मागणीने जोडणे हे आपले काम आहे : ज्यांच्या श्रमातून आणि ज्यांच्या करातून कर्ज फेडले जाणार आहे, त्यांनाच सल्लागाराने उत्तर दिले पाहिजे.